फाटकाबाहेरचा ग्लास

"हा कर."

हवालदारानं चेहरा माझ्या तोंडाजवळ आणला. मी मागे सरकले. मागे पोलिसांची जीप. पाठ तापलेल्या पत्र्याला टेकली.

"हा कर म्हटलं ना. वास घेऊ दे."

भर दुपार होती. गंगापूर रोडवरून धरणाकडे जातो तो रस्ता. रविवार, त्यामुळं गाड्यांची रांग. आणि त्या रस्त्याच्या कडेला मी उभी. हातात ट्रे. ट्रेवर दारूची उघडी बाटली, अर्धा भरलेला ग्लास, बर्फाचं भांडं. अंगात केटररनं दिलेलं काळं जाकीट, डोक्याला जाळी.

मी तोंड उघडलं. अनोळखी पुरुषासमोर. भर रस्त्यात. त्यानं नाक पुढं करून हुंगलं. दोन मोटारसायकली थांबल्या होत्या. त्यातल्या एकानं मोबाईल वर धरला होता. हवालदारानं ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही. त्यांच्यात बाई पोलीस एकही नव्हती.

"वास नाही," तो जोडीदाराला म्हणाला. "पण माल हिच्याच हातात आहे."

माझे हात इतके थरथरत होते की बाटली ग्लासवर आपटून किणकिण वाजत होती. तो आवाज थांबवावा म्हणून मी ट्रे छातीशी धरला. तर तो म्हणाला, "लपवते काय?"

मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलवर राहत होते. सुट्टीच्या दिवशी केटरिंगच्या कामाला जायचे. आमच्या हॉस्टेलमधल्या सुरगाणा-पेठकडच्या बऱ्याच पोरी जायच्या. रमेशभाऊ नावाचा केटरर होता. त्याची गाडी हॉस्टेलच्या कोपऱ्यावर यायची. काम म्हणजे स्टार्टर फिरवायचे, प्लेटा उचलायच्या, हसायचं. हसायचं हे रमेशभाऊ बजावून सांगायचा.

त्या दिवशी एका बिल्डर शेठची साठी होती. त्यांचंच फार्महाऊस. सकाळी साठीशांत, होमहवन. दुपारी गुरुजी गेले आणि हिरवळीवर दारूचं टेबल लागलं. त्यासाठी शेठनी एका दिवसाचा परवाना काढला होता. तो टेबलामागं चिकटवलेलाच होता. सगळं रीतसर. पोलिसांची भीती नाही म्हणून रमेशभाऊनं पोरींनाही त्या टेबलावरून ट्रे फिरवायला लावलं.

शेठच्या बायकोला सगळे मॅडम म्हणत होते. मीही तेच. मॅडम एका पाहुणीला माझ्यासमोर म्हणाल्या, "या डोंगराकडच्या पोरी बऱ्या पडतात. कामाला वाघ, आणि तोंड वर करून बोलत नाहीत." पाहुणी माझ्याकडं बघून हसली. मीही हसले. सांगितलंच होतं ना हसायला.

मग जावई रुसले.

शेठची मुलगी एकुलती एक. तिचा नवरा कुठल्या तरी खात्यात मोठा अधिकारी. घरच्यांचा फोटो काढताना त्याला हाक मारायची राहून गेली. तेवढंच झालं. तो उठला, फाटकाबाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला लावलेल्या आपल्या गाडीत काचा वर करून बसला. सासरे गेले, मेहुणे गेले, बायको रडून आली. तो येईना. शेवटी मॅडमनी टेबलावरची महागातली बाटली उघडायला लावली, ग्लास भरायला लावला आणि ट्रे माझ्या हातात दिला.

"जावईबापू गाडीत आहेत. नेऊन दे. त्यांनी घेतल्याशिवाय परत येऊ नकोस."

मी फाटकाकडं बघितलं. बाहेर रस्ता, माणसं. कायद्याबिद्याचं माझ्या डोक्यात नव्हतं. आपल्या ओळखीचं कुणी जाताना बघेल आणि पोरगी दारू घेऊन रस्त्यावर उभी म्हणेल, एवढंच होतं. मी यमुनाकडं पाहिलं. यमुना माझी खोलीतली मैत्रीण, आमच्या शेजारच्याच पाड्यावरची. तिनं मान हलवली. जा म्हणाली. जाऊन ये पटकन.

मी गेले. वॉचमननं फाटक उघडलं.

जावयानं काच खाली केली. ग्लास उचलला. घोट घेतला. बर्फ कमी आहे म्हणाला. मी चिमटा घेऊन बर्फ टाकत होते, तेवढ्यात त्याची नजर आरशात गेली. मागून पोलिसांची जीप येत होती. धरणाच्या रस्त्याला लोक गाड्या लावून पीत बसतात, म्हणून रविवारी त्यांची फेरी असते, हे मला नंतर कळलं. त्याला तेव्हाच माहीत असावं. त्यानं ग्लास परत ट्रेवर ठेवला. नीट, न सांडता. आणि काच वर केली.

जीप थांबली. पुढचं मी सांगितलंच. हा कर.

मी हवालदाराला म्हटलं, साहेब, हे माझं नाही, या गाडीतल्या साहेबांचं आहे, मला आतून पाठवलंय. त्यानं गाडीच्या काचेवर टकटक केलं. काच बोटभर खाली आली.

"मी फोनवर आहे," जावई म्हणाला. "ही कोण मला माहीत नाही. काहीतरी विकायला आली होती."

विकायला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याच्या मिशीला अजून ओल होती. हवालदारानं ती ओल पाहिली नसेल असं मी आजही म्हणू शकत नाही. पण त्यानं गाडीच्या पुढच्या काचेवरचा खात्याचा स्टिकरही पाहिला होता. तो मागे झाला.

तेवढ्यात मॅडम फाटकात आल्या. मला एवढं हायसं वाटलं की रडूच आलं. मी ओरडले, मॅडम, सांगा ना यांना.

मॅडमनी आधी गाडीकडं बघितलं. मग पोलिसांकडं. माझ्याकडं बघितलं नाही.

"केटररच्या पोरी आहेत या," त्या म्हणाल्या. "आतलं काम टाकून बाटली घेऊन बाहेर कशाला आली, तिलाच विचारा. यांच्या घरात लहानपणापासून हेच असतं."

फाटक लागलं. आतून गाण्यांचा आवाज येतच होता.

हवालदारानं माझ्या हातातला ट्रे घेतला आणि जीपच्या बोनेटवर ठेवला. मग मला सांगितलं, की आतल्यांचा परवाना आतल्यापुरता. फाटकाबाहेर सार्वजनिक रस्ता. रस्त्यावर उघडी दारू हातात धरली की दारूबंदीचा कायदा लागतो. मग तो तुझा बाप असो की शेठ. असं म्हणाला. पण जीपमध्ये बसवलं मला एकटीला.

जीपची भीती मला लहानपणापासून आहे. आमच्या पाड्यावर मोहाची फुलं गळायच्या दिवसांत जीप यायची. दारू पकडणारे. घाटाच्या वळणावर धूळ दिसली की बाया पोरं उचलून रानात पळायच्या. आई मला काखेत मारून पळायची आणि माझ्या तोंडावर हात दाबून धरायची. मी रडेन म्हणून. तो हात इतका घट्ट असायचा की श्वास कोंडायचा. त्या दिवशी जीपच्या मागच्या बाकावर बसले तर तसाच श्वास कोंडला. आता तोंडावर कुणाचा हात नव्हता तरी.

ठाण्यातून एक बाई पोलीस सोबत दिली आणि मला तपासणीला सरकारी दवाखान्यात नेलं. हे मला आधी कळलंच नाही. गाडी वळली आणि ओळखीची भिंत दिसली तेव्हा कळलं. त्या दवाखान्यात आमची ड्युटी असायची. आठवड्यात किती वेळा मी त्या दारातून पांढऱ्या कपड्यात गेले होते. आता बाई पोलिसानं माझा दंड धरला होता. मी त्यांना म्हणाले, ताई, दंड सोडा, मी पळत नाही, इथं मला ओळखतात. त्यांनी सोडला नाही. पकड थोडी सैल केली.

रक्त घ्यायला ज्या सिस्टर आल्या त्यांनीच आम्हाला शीर कशी शोधायची ते शिकवलं होतं. त्यांनी सुई हातात घेतली, वर पाहिलं.

"तू?"

एवढंच. मी सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी मान खाली घातली आणि रक्त घेतलं. हात हलका होता त्यांचा. डॉक्टरनं लिहिलं, तोंडाला वास नाही, चाल नीट, बोलणं नीट. बोलणं नीट कुठलं. त्याच्यासमोर मी एक शब्द बोलले नव्हते.

बाकावर थांबलेलो असताना बाई पोलिसानं विचारलं, काय शिकतेस. मी सांगितलं. त्या समोर बघतच म्हणाल्या, "कोर्टात सगळे कबूल म्हणतात आणि दंड भरून सुटतात. तुला नोकरीला लागायचंय. कबूल केलंस की तो शिक्का तुझ्या नावावर बसला. मी सांगितलं म्हणून कुठं सांगू नको."

संध्याकाळी उजेड होता तोवर कोर्टाच्या तारखेची नोटीस देऊन सोडलं. रमेशभाऊ न्यायला आला होता. गाडीत तो माझ्यावरच चिडला. बाहेर जायला कुणी सांगितलं होतं म्हणाला. मी म्हटलं, मॅडमनी. तो म्हणाला, मॅडमचं नाव पुन्हा काढू नको.

व्हिडिओ माझ्या आधी हॉस्टेलवर पोचला होता. त्यात माझं तोंड उघडलेलं, हवालदाराचं नाक, ट्रेवरची बाटली. खाली लिहिलेलं, नाशिकमध्ये रस्त्यावर दारू विकणारी तरुणी. गाडी त्यात नव्हती. फाटक नव्हतं. मी जिन्यावरून चढले तर खोल्यांची दारं एकेक करून उघडली आणि मिटली. जेवायला गेले नाही. पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि यमुना आली तेव्हा झोपल्याचं सोंग केलं. बाहेर मोटारसायकल थांबली की वाटायचं, आले. कुणी हसलं की वाटायचं, बघतायत. कितीतरी दिवस मी बोलताना तोंडावर ओढणी धरायचे. आपलं तोंड आपलं राहिलं नाही असं वाटायचं.

कॉलेजच्या मॅडमनी बोलावून सांगितलं, केसचं काय होतं ते बघून आम्ही ठरवू. तोपर्यंत वॉर्डात पाठवणार नाही.

मग रमेशभाऊ पुन्हा आला. या वेळी गोड बोलत होता. म्हणाला, शेठ भला माणूस आहे, दंड ते भरतायत. तू फक्त कबूल म्हण. एका मिनिटाचं काम. उगाच केस चालली तर त्यांच्या जावयाचं नाव निघेल, त्याची बढती अडेल. मी म्हटलं, आणि माझं? तो म्हणाला, तुझं काय, तुला कोण ओळखतं. आणि जाताना म्हणाला की आडमुठेपणा केलास तर मी सुरगाण्याच्या एकाही पोरीला कामाला घेणार नाही. हे त्यानं यमुनासमोर सांगितलं.

त्या दिवशी यमुना माझ्यापुढं हात जोडून बसली. तिच्या घरी आई आजारी. कामाशिवाय तिचं शिक्षण बंद होणार होतं. म्हणाली, मला माहीत आहे तुझी चूक नाही. मीच तुला जा म्हटलं होतं. पण कबूल म्हणून टाक ना. माझ्यासाठी. ती चुकीचं सांगत नव्हती. भीतीनं तीही तेवढीच वाळली होती.

तारखेच्या आदल्या दिवशी बा आला. व्हिडिओ पाड्यावरही गेला होता. बा आयुष्यात कधी प्यायला नाही. देवाच्या कार्याला मोहाच्या दारूची धार सोडतात, तेव्हाही तो हात धुऊन बाजूला होतो. तो हॉस्टेलच्या बाहेर झाडाखाली उकिडवा बसला होता. मला बघून उठला आणि आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी बघतंय का.

तो म्हणाला, "कबूल म्हण न सुट, पोरी. आपलं कोण ऐकंल?"

मग त्यानं मला कधी न सांगितलेलं सांगितलं. मी जन्मायच्या आधी त्यालाही जीपनं नेलं होतं. पाड्यावर मोहाचं मडकं सापडलं. मडक्याजवळ उभा होता म्हणून बाला उचललं. कोर्टात त्याला कुणीतरी सांगितलं, कबूल म्हण, लगेच घरी जाशील. त्याला कोर्टाचं मराठी कळत नव्हतं. तो कबूल म्हणाला. घरी आला.

मी विचारलं, "बा, मडकं तुझं होतं?"

"नाय. देवाच्या कार्याचं होतं. पाड्याचं होतं."

"मग पुढं?"

बा जमिनीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग जीप आली का पहिली आपल्याच घरी यायची."

मी तिथंच बसले, मातीत. आई का पळायची, ते मला त्या झाडाखाली कळलं. आमच्या घरात दारू कधी गाळलीच नव्हती. बाचा तो एक शब्द होता. तो शब्द बा एकदा बोलला आणि त्याचं भय आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर खाल्लं. मी काखेत होते तेव्हापासून. आता तोच शब्द माझ्या तोंडात घालायला सगळे आले होते. रमेशभाऊ, शेठ, यमुना आणि माझा बा. बा तर प्रेमानं सांगत होता. त्याला सुटायची दुसरी वाट कुणी दाखवलीच नव्हती.

फाटकाच्या आत हिरवळभर माणसं हातात ग्लास घेऊन फिरत होती. त्यांचा पाहुणचार. फाटकाबाहेर एकच ग्लास आला, तो गुन्हा झाला. कायदा आत-बाहेर बघतो, हे मला मान्य आहे. बघावंच. पण तो ग्लास बाहेर कुणी पाठवला आणि कुणासाठी, हे विचारायला त्याला कुणीतरी भाग पाडलं पाहिजे.

मी बाला यातलं काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पुरुषांची रांग होती. बहुतेक रस्त्याकडेला पिताना पकडलेले. मजूर, रिक्षावाले, एकदोन कॉलेजची पोरं. गाडीवाला एकही दिसला नाही. नाव पुकारायचे, माणूस पुढं जायचा. गुन्हा कबूल? कबूल. दंड. पुढचा. न्यायाधीश वर बघतही नव्हते. मागं बाकावर बा बसला होता, टोपी हातात घेऊन. दाराशी रमेशभाऊ उभा होता. त्यानं मला डोळ्यांनी खूण केली.

माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले. घाम पाठीवरून खाली ओघळत होता, ते मला कळत होतं.

"गुन्हा कबूल आहे?"

मी गप्प. शिपाई म्हणाला, बोला लवकर. मागून कुणीतरी कुजबुजलं, म्हण कबूल. तो आवाज बाचा होता की दुसऱ्या कुणाचा, मला ठाऊक नाही. मी वळून बघितलं नाही.

"नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की पुन्हा विचारलं. मग मी मोठ्यानं म्हणाले, "नाही. मला गुन्हा कबूल नाही."

न्यायाधीशांनी वर बघितलं. मग केस चालेल म्हणाले. वकील आहे का विचारलं. मी म्हटलं, नाही, पण मला सांगायचंय, की तो ग्लास गाडीतल्या माणसाचा होता. त्यानं त्यातून घोट घेतला होता. मला फाटकाच्या आतून पाठवलं होतं. ते म्हणाले, ते आता नाही, पुराव्याच्या वेळी सांगा. मोफत वकील मिळेल. पुढची तारीख. पुढचा माणूस.

संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर आले तर रमेशभाऊ म्हणाला, तू मेलीस आता. बा आणि मी स्टँडपर्यंत चालत गेलो. तो माझ्यापासून थोडा लांबून चालत होता. एसटीत चढताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यामुळं पाड्यावर पुन्हा जीप येईल, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी ते खोटं ठरवू शकले नाही. येईलही.

यमुना खोली बदलून गेली. तिला दुसरीकडं काम मिळालं, पण ती माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी अजून वॉर्डाबाहेर आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसते. तो व्हिडिओ अजून फिरतो.

मोफत मिळालेल्या वकीलबाई तरुण आहेत. त्यांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. शेठकडून मोठा वकील येईल. भर कोर्टात तुला विचारतील, तुमच्या समाजात दारू गाळतात ना, तुझ्या बापावर केस होती ना, कबूल केली होती ना. झेपेल का? माघार घ्यायची तर आताच सांग.

बाचं नाव तिथं निघणार. बाला कदाचित तिथं उभं करतील.

तरी मी त्यांना म्हणाले, शेठच्या बायकोला बोलवा. जावयाला बोलवा. माझं नाव, गाव, जात, बाप, सगळं त्या कागदांत आलंय. त्याचं नाव कुठंच नाही. ते नाव तिथं लिहिलं जाईपर्यंत मी एकही तारीख चुकवणार नाही. त्यांनी माझ्या देवाचं विचारलं तर सांगेन, आमच्या देवाला मोहाची धार लागते, आणि ती आम्ही उघड्यावर सोडतो, काच वर करून नाही. बाचं विचारलं तर सांगेन, माझ्या बानं न केलेला गुन्हा कबूल केला होता, आणि आमच्या घरात असं कबूल करणारा तो शेवटचा माणूस.

वकीलबाईंनी विचारलं, "घाबरलीस ना?"

मी हो म्हटलं. आणि वकीलपत्रावर सही केली.